मुंबई विमानतळावर रात्री उतरून आईला घेऊन गिरगावात कसे पोहोचावे?

वैदर्भी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नागपूरहून मावसबहिणीच्या लग्नासाठी मुंबईला येत आहोत. लग्न गिरगावात ठाकूरद्वारजवळ असून उतरण्याची सोयही तिथेच एका नातेवाइकांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, केलेली आहे. गुरुवारी रात्री १०.५० ला आमचे विमान मुंबईत उतरेल. तिकिटावर टर्मिनल एक असे लिहिले आहे. माझ्याबरोबर माझी आई आहे. तिचे वय ७६ असून गुडघ्यांमुळे ती काठी घेऊन चालते आणि सपाटीवर बरी चालत असली तरी जिन्यापुढे थबकते. सामानात दोन मोठ्या बॅगा, एक लहान बॅग आणि संत्रा बर्फीचा एक खोका असे चार नग असतील.

माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास टर्मिनल दोनवर उतरतील. त्यांच्याजवळ प्रत्येकी एक पाठपिशवी एवढेच सामान असेल. सोमवारी आम्हा सर्वांचे परतीचे विमान टर्मिनल एकवरून सकाळी ६.४० ला आहे.

काही वर्षांपूर्वी मी एकटी आले होते, तेव्हा बाहेर पडताच एका सद्गृहस्थांनी "ताई, टॅक्सी?" असे विचारून माझी बॅग उचललीच आणि मी त्यांच्यामागून चालत एका पांढऱ्या खासगी गाडीत जाऊन बसले. दादरपर्यंतचे २,२०० रुपये मी मुकाट्याने दिले, कारण रात्रीची वेळ होती आणि भाव आधी ठरवून घ्यायचे मला सुचले नव्हते. या वेळी आई बरोबर असल्यामुळे पैशांपेक्षा मनस्ताप टाळण्याकडे माझा ओढा आहे, तरीही पुन्हा मूर्ख बनण्याची इच्छा नाही. काळी-पिवळी टॅक्सी, मोबाइलवरून मागवायची गाडी, नवी मेट्रो किंवा लोकल यांपैकी कोणत्या वेळी काय योग्य ठरेल, हे मुंबईकरांनी कृपया सांगावे.

चाळकरी

मी गिरगावातच राहतो आणि कामानिमित्त महिन्यातून दोनदा तरी विमानतळावरून घरी येतो, म्हणून आधी तुमच्या गुरुवारच्या रात्रीविषयी लिहितो.

१०.५० ला विमान टेकले तरी पट्ट्यावरून सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत साडेअकरा वाजतील असे धरून चाला. त्या वेळी मेट्रो बंद झालेली असते. शेवटची गाडी दोन्ही टोकांवरून रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते, त्यामुळे तो पर्याय सोडूनच द्या. रिक्षाचाही उपयोग नाही. मुंबईत रिक्षाला पश्चिमेकडून वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेकडून शीवपर्यंतच परवानगी आहे. त्याच्या दक्षिणेला रिक्षा येऊच शकत नाही, आणि मध्यरात्री वांद्र्याला उतरून चार नगांसह दुसरे वाहन शोधणे आईंना झेपणार नाही. लोकल त्या वेळी चालू असते, आणि चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत रात्री बसायला जागाही मिळते, कारण लोंढा उलट दिशेने विरारकडे जात असतो. तुम्ही एकट्या आणि एका पिशवीनिशी असता, तर विलेपार्ले स्थानक गाठून धिम्या लोकलने चर्नी रोडला उतरा, असे मी बिनदिक्कत सांगितले असते. आई बरोबर असताना मात्र फलाट, पूल आणि जिने यांचा विचारही करू नका.

म्हणजे उरली टॅक्सी. आगमन कक्षातून बाहेर पडण्यापूर्वी किंवा पडल्याबरोबर प्रीपेड टॅक्सीची खिडकी शोधा. तिथे ठिकाण सांगायचे, पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. पावतीवर गाडीचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या गाडीतच बसा, आणि ती पावती घरी पोहोचून सामान उतरल्यावरच चालकाच्या हाती द्या. काही चालक निघतानाच "पावती द्या, बघायची आहे" असे म्हणतात. ती दाखवायला हरकत नाही, पण हातातून सोडू नका.

भाव ठाऊक असावा म्हणून हिशेब मांडतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे झाले आहे. टर्मिनल एक ते ठाकूरद्वार हे अंतर २२ किलोमीटर धरले, तर मीटरने साधारण ४५५ रुपये होतात. रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत भाडे सव्वापट, म्हणजे ५७० च्या आसपास. सिग्नलला थांबण्याचे आणि सामानाचे पैसे वेगळे. प्रीपेडचा दर मीटरपेक्षा चढा असतो, पण तो खिडकीवर आधीच कळतो, आणि तुमच्या मागच्या २,२०० शी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

रस्त्याचे म्हणाल तर वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून येऊन सरळ किनारी मार्गाला लागणे रात्री सर्वांत सुखाचे आहे. वरळी, हाजी अली मागे टाकून बोगद्यातून गाडी मरीन ड्राइव्हला निघते, आणि तिथून ठाकूरद्वार पाच-सात मिनिटांवर आहे. सेतूचा एका फेरीचा टोल १०० रुपये असून तो प्रवाशानेच द्यायचा असतो. किनारी मार्गाला टोल नाही, आणि ऑगस्ट २०२५ पासून तो रात्रभर खुला असतो. टोल वाचवायचा असेल तर माहीम-दादर-वरळीवरून या. मात्र लग्नसराईत वरातीमागे अडकण्याची तयारी ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी बाहेरगावच्या माणसांना गाडी समोर आल्यावरच कळते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी आडवी बसवलेली असते. तिच्यापुढे उरलेल्या जागेत एक मोठी बॅग कशीबशी मावते, आणि दुसरी टपावरच्या कॅरियरला दोरीने बांधावी लागते. बर्फीचा खोका टपावर जाऊ देऊ नका. तो मांडीवर घेऊन बसा.

भुयारी प्रवासी

वरील सल्ला गुरुवारपुरता योग्य आहे, पण शनिवारी दुपारी येणाऱ्या तुमच्या भावाने टॅक्सीच्या रांगेत मुळीच उभे राहू नये. मेट्रो तीन नेमकी अशाच प्रवाशांसाठी आहे.

ही मार्गिका तीन टप्प्यांत सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), मे २०२५ मध्ये बीकेसी ते आचार्य अत्रे चौक आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथून कफ परेडपर्यंत. एकूण ३३.५ किलोमीटर लांबी आणि २७ स्थानके असून टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन यांची स्थानके स्वतंत्र आहेत. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे या मार्गिकेवर गिरगाव नावाचे स्थानकच आहे, आणि ते जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर, ठाकूरद्वारपासून हाकेच्या अंतरावर आहे. टर्मिनल दोनपासून तिथे साधारण ४० मिनिटांत पोहोचता येते, आणि संपूर्ण मार्गाचे कमाल भाडेच मुळी ७० रुपये आहे. चार माणसे मिळून टॅक्सीच्या निम्म्या पैशांत, शनिवार दुपारच्या कोंडीला न शिवता, थंडगार डब्यातून घरी येतील.

ज्यांनी ही मेट्रो होण्यापूर्वीचा काळ पाहिला आहे त्यांनाच याचे मोल कळेल. सहारहून, म्हणजे टर्मिनल दोनच्या भागातून, गिरगावला यायला दोन तास लागलेले दिवस माझ्या चांगले लक्षात आहेत. अर्थात गिरगाव आणि काळबादेवीच्या ज्या इमारतींमधली बिऱ्हाडे या स्थानकांसाठी हलवावी लागली, त्यांच्या लक्षात काही वेगळेच असेल, पण तो विषय इथला नाही.

दोन सूचना. भुयारी स्थानकांत मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसते. म्हणून तिकीट मोबाइलवर काढायचे असल्यास वर जमिनीवर असतानाच काढून ठेवावे, नाहीतर खिडकीवरून कागदी तिकीट घ्यावे. दुसरे असे की तुमच्या नातेवाइकांना "पोहोचलो, न्यायला या" हा फोन गाडीतून लागेल असे गृहीत धरू नका. गिरगावला वर रस्त्यावर आल्यानंतरच करा.

चाळकरी

भुयारी प्रवाशांचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त एक भर घालतो. मेट्रोचे स्थानक विमानतळाच्या आवारालगत असले तरी सामानाच्या पट्ट्यापासून स्थानकाच्या दारापर्यंत बरेच चालावे लागते, आणि मग खाली उतरण्यापूर्वी प्रत्येक बॅग पुन्हा तपासणी यंत्रातून काढावी लागते. पाठपिशवीवाल्यांना त्याचे काही वाटणार नाही. म्हणूनच, आईंचे विमान दुपारचे असते तरीही मी त्यांच्यासाठी टॅक्सीच सुचवली असती. स्थानकात सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे, परंतु लिफ्ट ज्या दाराला आहे ते दार आपल्याला हव्या त्या बाजूला असतेच असे नाही.

भुयारी प्रवासी

हे मान्य. माझ्या वडिलांनाही मी एकदा हौसेने मेट्रोने आणले होते आणि वर आल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते "टॅक्सीचे पैसे मी दिले असते" हेच होते.

वैदर्भी

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. भावाला मेट्रोचे कळवले असून मुले आताच खूश आहेत. मोबाइलवरून मागवायच्या गाडीविषयी मात्र कोणी काही लिहिले नाही. नागपुरात मी नेहमी तीच वापरते आणि पैसे आधी दिसत असल्यामुळे मला ती बरी वाटते. रात्रीच्या वेळी ती प्रीपेडपेक्षा वाईट आहे का?

फिरता विक्रेता

वाईट नाही, पण विमानतळावर तिचा अनुभव घरासमोरून गाडी मागवण्यासारखा नसतो. दर आठवड्याला एक फेरी होत असल्यामुळे थोडे अधिकाराने सांगतो.

या गाड्या आगमनाच्या दारासमोर येऊन उभ्या राहत नाहीत. त्यांच्यासाठी पार्किंगमध्ये जागा ठरवून दिलेली असते. टर्मिनल दोनवर बहुमजली पार्किंगमध्ये लिफ्टने त्या मजल्यावर जावे लागते, आणि तिथे खांबांवरचे आकडे वाचत आपली गाडी शोधावी लागते. मोबाइलवर गाडी "दोन मिनिटांवर" दिसते, पण ती दोन मिनिटे वरच्या उतारावर असतात की खालच्या, हे नकाशाला कळत नाही. आईंना एका जागी बसवून तुम्ही सामानासह गाडी शोधत फिरणे, किंवा त्यांना बरोबर घेऊन फिरणे, दोन्ही अडचणीचेच आहे.

शिवाय रात्री एकाच वेळी पाच-सहा विमाने उतरली की भाव चढतो. साडेदहाला दिसलेला आकडा साडेअकराला तोच राहील याची खात्री नाही. आणि मग तो फोन येतोच, "कुठे जायचे आहे? ऑनलाइन आहे की कॅश?" तुम्ही ऑनलाइन म्हणालात की पलीकडे क्षणभर शांतता, आणि नंतर गाडी नकाशावर एकाच जागी रुतून बसते. ती तुम्ही रद्द करावी अशी त्यांची अपेक्षा असते, कारण रद्द करणाऱ्याला भुर्दंड पडतो. मागच्या पावसाळ्यात एका चालकाने मला पंचवीस मिनिटे असेच उभे केले, आणि शेवटी मी काळी-पिवळीच घेतली.

तरीही या गाडीचे दोन गुण आहेत. मोठी गाडी मागवली तर चार नग सहज मावतात, आणि प्रवास कुठवर आला हे घरच्यांना मोबाइलवर पाहता येते. माझा सल्ला असा, की विमानातून उतरल्यावर सामानाची वाट पाहत असताना दर नुसता बघून ठेवा. तो प्रीपेडच्या जवळपास असेल तर विचार करा, दीडपट असेल तर सरळ खिडकी गाठा.

सोमवारी पहाटे मात्र चित्र उलटे आहे. मेट्रो सहाच्या सुमारास सुरू होते, म्हणजे ६.४० च्या विमानाला तिचा उपयोग नाही. त्या दिवशी गाडी घराच्या दाराशी येणार असल्याने मोबाइलवरून आदल्या रात्रीच नोंदवून ठेवा. मात्र ती आयत्या वेळी येणार नाही असे धरूनच पर्याय ठरवून ठेवा. सव्वाचारला निघालात तर रस्ते मोकळे मिळतील.

टॅक्सीवाल्याची मुलगी

इथे काळ्या-पिवळ्या टॅक्सीविषयी बरेच लिहिले गेले, म्हणून एक बाजू मांडते. माझ्या वडिलांनी ३१ वर्षे टॅक्सी चालवली, त्यांतली शेवटची बारा विमानतळाच्या रांगेत.

बाहेरच्या माणसाला दिसते ते एवढेच, की चालक जवळचे भाडे ऐकले की तोंड वाकडे करतो. त्यामागचे कारण रांगेत आहे. टॅक्सी थेट दाराशी लागत नाही. तिला आधी तळावर नंबर लावावा लागतो आणि तो पुढे सरकेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. बाबा तेवढ्यात जेवायचे, झोपायचे, आरसे पुसायचे. एवढ्या वेळानंतर खिडकीवरून कोणाची पावती हाती येईल ते नशीब. कुलाब्याची आली तर दिवस सार्थकी, आणि पार्ल्याची आली तर दीडशे-दोनशे रुपयांसाठी तीन तास गेले आणि पुन्हा रांगेच्या शेपटीला. याचा अर्थ प्रवाशाशी उद्धटपणे वागावे असा नाही, आणि बाबांनी भाडे नाकारल्याचे मला आठवत नाही, परंतु घरी आल्यावर त्यांच्या चपला काढण्याच्या आवाजावरून आज पार्ले होते की कुलाबा हे आम्हाला कळायचे.

वैदर्भीताई, तुमचे भाडे गिरगावचे आहे, म्हणजे लांबचे. ते कोणीही आनंदाने घेईल, तेव्हा धास्ती बाळगू नका. गाडीत बसण्यापूर्वी टपावरच्या बॅगेची दोरी तुमच्यासमोर बांधून घ्या, आणि सागरी सेतूवरून जायचे की नाही हे निघण्यापूर्वीच स्पष्ट बोला. निम्म्या वाटेत टोलचा विषय निघाला की दोघांनाही आपण फसवले गेलो असे वाटते. पावती शेवटी द्यायची हे चाळकऱ्यांनी सांगितलेच आहे, कारण चालकाला तिचेच पैसे मिळतात. पण ती देण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माणसे गाडीत छत्र्या, चष्मे, एकदा तर कवळीसुद्धा विसरून गेली आहेत, आणि ज्यांच्याजवळ गाडीचा क्रमांक नसतो त्यांना ती वस्तू परत मिळवून द्यावी असे चालकाच्या मनात असूनही देता येत नाही.

पहाटेच्या फेरीसाठी ठाकूरद्वारहून गाडी मिळाली नाही, तर कोणाला तरी मुंबई सेंट्रल स्थानकाबाहेर पाठवा. तिथे लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी टॅक्सी रात्रभर उभ्या असतात. पाचच्या आत मीटर सव्वापट असेल, हे लक्षात ठेवा. तुम्ही सहा जण आहात आणि टॅक्सीत चारच बसू शकतात, तेव्हा दोन गाड्या लागतील.

पनवेलकर

एकच गोष्ट जोडतो, पण ती महत्त्वाची आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आहेत. तिकिटावर किंवा निरोपात नुसते "मुंबई" असे पाहून थांबू नका, विमानतळाचे तीन अक्षरी सांकेतिक नावही पाहा. जुन्या विमानतळाचे बीओएम आहे आणि नव्याचे एनएमआय. तुमच्या तिकिटावर टर्मिनल एक लिहिलेले आहे तेवढ्याने निश्चिंत होऊ नका, आणि भावाचे तर आवर्जून तपासा. उलव्याला, म्हणजे नव्या विमानतळावर, उतरून सहारच्या मेट्रोचे स्थानक विचारणारे एक कुटुंब मी स्वतः पाहिले आहे. तिथून गिरगावला यायचे तर अटल सेतू ओलांडून शिवडीला उतरावे लागते, आणि मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये पडतो.

वैदर्भी

पनवेलकरांचा निरोप वाचून दोन्ही तिकिटे पुन्हा उघडली. दोन्हींवर बीओएमच आहे. सर्वांचे आभार, परत आल्यावर काय झाले ते लिहीन.

वैदर्भी

कबूल केल्याप्रमाणे लिहिते आहे. काल सकाळी नागपूरला पोहोचलो.

गुरुवारी विमान वीस मिनिटे उशिरा उतरले आणि आईसाठी चाकांची खुर्ची मागवली होती, त्यामुळे बाहेर पडेपर्यंत पावणेबारा झाले. मोबाइलवरचा दर त्या वेळी खरोखरच चढलेला होता. दारातून बाहेर येताच दोन जणांनी "टॅक्सी?" असे विचारले. या वेळी मी खुर्ची ढकलणाऱ्या मुलालाच प्रीपेडची खिडकी दाखवायला सांगितले, आणि त्यांनी पाठलाग केला नाही. एक बॅग डिकीत, एक टपावर आणि बर्फीचा खोका माझ्या मांडीवर, असे आम्ही निघालो. चालक जौनपूरचे, वयस्कर आणि अबोल होते. सागरी सेतूचे आधीच बोलून घेतले होते, त्यामुळे टोलनाक्यावर मी नोट पुढे केली आणि त्यांनी पावती मागे दिली, एवढाच आमचा संवाद. किनारी मार्गाच्या बोगद्यात आईने आपण समुद्राखालून चाललो आहोत का, असे विचारले, तेव्हा मात्र ते हसले आणि म्हणाले, "मांजी, ऊपर पहाड है।" साडेबाराच्या आत आम्ही ठाकूरद्वारला होतो.

भाऊ शनिवारी मेट्रोने आला. टर्मिनल दोनपासून स्थानक शोधण्यात त्यांची पंधरा मिनिटे गेली आणि पुढचा प्रवास चाळीस मिनिटांत झाला. वर आल्यावर ते चुकीच्या दाराने निघाले आणि रस्ता ओलांडून परत यावे लागले, असे धाकट्याने तीन वेळा सांगितले.

आता टॅक्सीवाल्यांच्या मुलीसाठी. पावतीचा फोटो मी काढला होता, तोही तुम्ही सांगितले म्हणून केवळ. तिसरा मजला चढून झाल्यावर आईच्या लक्षात आले, की काठी मागच्या आसनाखालीच राहिली. शुक्रवारी सकाळी माझ्या मामेभावाने विमानतळावरच्या टॅक्सीच्या खिडकीवर जाऊन गाडीचा क्रमांक दाखवला. चालकांनी ती आदल्या रात्रीच परतीच्या फेरीत तिथे ठेवून दिली होती, पण कोणाची ते त्यांना सांगता आले नव्हते. लग्नात आई यजमानांच्या घरच्या छत्रीचा आधार घेऊन वावरली, कारण मामेभाऊ काठी घेऊन थेट आपल्या घरी, डोंबिवलीला, निघून गेला होता.